घरातील लाकडी बारटॉपचे फिनिशिंग आणि संरक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या घरी बारटॉप, म्हणजे बार काउंटरची वरची फळी, तयार करणाऱ्यांसाठी, तसेच जुन्या फळीला पुन्हा चांगले रूप देऊ पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. लाकूड निवडणे आणि फळ्या जोडणे हा भाग येथे घेतलेला नाही. फळी जोडून, रंधून तयार झाली की तिथून पुढे ती रोजच्या वापरात टिकेपर्यंतचा विचार केला आहे.

बारटॉपला साध्या टेबलापेक्षा वेगळे फिनिश लागते का?

लागते, पण त्याचे कारण केवळ मद्य हे नाही. बारटॉपवर थंड ग्लास तासन्‌तास एकाच जागी उभे राहतात आणि त्यांना सुटलेला घाम बुडाशी साचून राहतो. बर्फ वितळतो, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक सांडतो, बाटल्या आणि धातूचे शेकर घासले जातात, माणसे कोपरे टेकवून बसतात आणि दर थोड्या वेळाने ओले फडके फिरते. मद्यातील इथेनॉल काही फिनिश विरघळवते हे खरे, पण योग्य फिनिश निवडले की तो प्रश्न तिथेच मिटतो. पाण्याचा प्रश्न मात्र मिटत नाही. फिनिशचा पापुद्रा जिथे पातळ पडलेला किंवा तुटलेला असतो, म्हणजे कडेला, सांध्यात, स्क्रूच्या भोकात किंवा सिंकसाठी घेतलेल्या कापात, तिथून पाणी लाकडात शिरते आणि पापुद्र्याला खालून सोडवू लागते. मधला सपाट भाग चकचकीत राहतो आणि फळी कडेकडून खराब होत जाते. म्हणून फिनिश कोणतेही घेतले तरी निम्मे लक्ष कडांना आणि कापांना द्यावे, असे माझे ठाम मत आहे. या उत्तरांमध्ये ते वारंवार येईल.

मग कोणते फिनिश निवडावे?

घरी काम करणाऱ्या बहुतेकांसाठी माझी शिफारस तेल-आधारित पॉलियुरेथेन वार्निश ही आहे. ते ब्रशने लावता येते, सावकाश वाळत असल्यामुळे ब्रशच्या खुणा आपोआप बसतात, सुकल्यावर त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि त्यानंतर मद्य, पाणी किंवा साधे थिनर त्याला पुन्हा विरघळवू शकत नाही. त्याची छटा मधासारखी पिवळसर असते आणि कालांतराने ती थोडी गडद होते. सागासारख्या किंवा अक्रोडासारख्या लाकडावर ती खुलते, मेपलसारख्या फिक्या लाकडावर मात्र काहींना ती आवडत नाही. फिक्या लाकडाचा मूळ रंग जपायचा असेल, तर पाणी-आधारित पॉलियुरेथेन घ्यावे. ते जवळजवळ रंगहीन असते, त्याला वास कमी येतो आणि दोन ते चार तासांत पुढचा हात, म्हणजे थर, देता येतो. मात्र त्याचा प्रत्येक हात पातळ बसतो, म्हणून हात अधिक द्यावे लागतात.

दोन घटकांचे पॉलियुरेथेन, ज्यात वापरण्याआधी हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा घटक, मिसळावा लागतो, ते या दोन्हींपेक्षा कणखर असते. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि स्प्रे मारताना ते श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. ते काम योग्य बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या व्यावसायिकाकडून करून घ्यावे; घराच्या खोलीत ते करू नये. इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून फळीवर ओतायच्या जाड थराचा, विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

लाखेचे पॉलिश किंवा लॅकर का नको?

चपडा लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच विरघळवून पॉलिश तयार करतात. साहजिकच त्यावर कडक मद्य सांडून राहिले, तर पॉलिश पुन्हा मऊ होते आणि ग्लासच्या बुडाचा ठसा उमटतो. उष्णतेलाही ते लवकर नमते. नायट्रोसेल्युलोज लॅकर मद्याला त्यापेक्षा बरे तोंड देते, पण नेलपॉलिश काढण्याचे द्रावण किंवा अत्तर सांडले, तर तेही विरघळते. दोन्हींची दुरुस्ती सोपी असते, कारण नवा हात जुन्या हातात मिसळून जातो; हा गुण शोभेच्या कपाटासाठी मोलाचा आहे, बारटॉपसाठी पुरेसा नाही. मात्र मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात पॉलियुरेथेनच्या खाली सीलर, म्हणजे लाकूड बंद करणारा तळाचा थर, म्हणून उत्तम काम देतो. मेण असलेली लाख तिथे वापरू नये, कारण तिच्यावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही.

नुसते तेल किंवा मेण लावून भागेल का?

लाकडाचा स्पर्श तसाच राहावा अशी इच्छा असेल आणि दर काही महिन्यांनी तेलाचा हात देण्याची तयारी असेल, तर भागेल. जवसाचे किंवा टंग तेल लाकडात मुरते, पापुद्रा असा फारसा धरत नाही. त्यामुळे ओरखडे दिसत नाहीत आणि डाग पडलेला तेवढाच भाग घासून पुन्हा तेल लावता येते. पण पाणी साचले तर संरक्षण तोकडे पडते. मेण तर पाण्याच्या थेंबालाही फार वेळ अडवत नाही आणि गरम भांड्याखाली वितळते. तेल लावलेल्या बारटॉपवर डाग पडणारच, हे आधी मान्य करून मगच तो मार्ग घ्यावा.

जहाजासाठीचे मरीन वार्निश सर्वांत टिकाऊ नाही का?

ते बाहेरच्या कामासाठी टिकाऊ असते. उन्हापावसात लाकूड फुगते आणि आकसते, त्याच्याबरोबर ताणले जावे म्हणून ते वार्निश मुद्दाम लवचीक ठेवलेले असते आणि त्यात अतिनील किरण अडवणारी द्रव्ये घातलेली असतात. लवचीक म्हणजे तुलनेने मऊ. घरातल्या बारटॉपवर ते लवकर ओरखडते आणि ग्लास त्यावर चिकटल्यासारखे वाटतात. बार गच्चीवर किंवा अंगणात असेल, तेव्हाच ते घ्यावे.

फळी किती आणि कशी घासावी?

रंधा किंवा मशीनच्या खुणा शिल्लक असतील, तर ८० नंबरच्या सँडपेपरने सुरुवात करावी, मग १२०, १५० आणि १८०. पॉलियुरेथेनसाठी १८० किंवा फार तर २२० वर थांबावे. त्याहून बारीक घासून लाकूड काचेसारखे केले की पापुद्र्याला धरायला जागा उरत नाही आणि स्टेनही (लाकडाला द्यायचा रंग) फिका बसतो. मधला एखादा नंबर गाळण्याचा मोह आवरावा. ८० नंबरचा ओरखडा २२० ने निघत नाही, तो फक्त चमकतो, आणि वार्निशचा पहिला हात बसला की स्पष्ट दिसू लागतो.

प्रत्येक नंबर पूर्ण झाला की नाही हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. खोलीतले वरचे दिवे बंद करावेत आणि एक दिवा फळीच्या पातळीला, अगदी कडेला आडवा धरावा. तिरपा उजेड पडला की ऑर्बिटल सँडरने (गोल फिरून घासणाऱ्या यंत्राने) उमटवलेली बारीक वेटोळी, गोंदाचे वाळलेले ओघळ आणि दोन फळ्यांच्या सांध्यातला उंचसखलपणा सावलीसह दिसतो. गोंदाचा ओघळ राहिला, तर तिथे लाकूड स्टेन पीत नाही आणि फिका डाग कायम राहतो. फळी टर्पेंटाइनने पुसली, तरी ती ओली असेपर्यंत हे सगळे उघड होते. शेवटचा नंबर हाताने, ठोकळ्याला कागद गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा.

पाणी-आधारित फिनिश द्यायचे असेल, तर घासून झाल्यावर फळी ओलसर फडक्याने पुसावी, वाळू द्यावी आणि उभे राहिलेले तंतू २२० ने हलकेच काढावेत. हे आधी केले नाही, तर तेच तंतू पहिल्या हातानंतर उभे राहतात.

शेवटचे काम कडांचे. धारदार कोपऱ्यावर कोणतेही वार्निश टिकत नाही. पृष्ठताणामुळे ते कोपऱ्यापासून मागे सरकते आणि नेमके जिथे सर्वांत जास्त घर्षण होते, तिथे पापुद्रा सर्वांत पातळ राहतो. म्हणून राउटरने किंवा सँडपेपरने प्रत्येक कोर दोन ते तीन मिलिमीटर गोल करावी.

लाकडाची रंध्रे भरावी लागतात का?

मेपल आणि बीच यांची रंध्रे बारीक असतात, त्यांना गरज नाही. ओक, ॲश, महोगनी, साग यांची उघडी असतात. आरशासारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल, तर रंध्रे भरण्याचे फिलर रेषांना आडवे चोळून भरावे आणि वाळल्यावर घासावे. रंध्रे तशीच ठेवली तर लाकडाचा पोत हाताला लागतो, आणि तो अनेकांना आवडतोही. मात्र पापुद्रा पुरेसा नसेल तर त्या खाचांत पाक आणि मळ बसतो.

साग आणि शिसवी यांवर वार्निश सुकत नाही, असे का होते?

या लाकडांत नैसर्गिक तेले आणि अर्क असतात. शिसवीतील काही अर्क तेल-आधारित वार्निशची ऑक्सिजनशी होणारी प्रक्रियाच रोखून धरतात. परिणामी हात कित्येक दिवस चिकट राहतो. फिनिश देण्याच्या अगदी आधी फळी ॲसिटोनने पुसावी, ॲसिटोन उडून गेले की लगेच मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यावा आणि त्यावर पॉलियुरेथेन लावावे. पुसल्यानंतर फळी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली, तर तेल आतून पुन्हा वर येते आणि केलेले काम वाया जाते.

पॉलियुरेथेनचे हात कसे आणि किती द्यावेत?

डबा हलवू नये, ढवळावा. हलवल्याने हवा मिसळते आणि तेच बुडबुडे पुढे फळीवर येतात. सॅटिन किंवा मॅट प्रकारात चमक कमी करणारी सिलिकाची पूड तळाशी बसते, म्हणून तिथे ढवळणे अधिकच महत्त्वाचे असते. लागेल तेवढे वार्निश दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे आणि ब्रश त्यात बुडवावा, मूळ डब्यात नाही; ब्रशबरोबर गेलेली धूळ सगळा डबा खराब करते.

तेल-आधारित प्रकारात पहिला हात सुमारे १० टक्के टर्पेंटाइन घालून पातळ द्यावा, म्हणजे तो लाकडात शिरतो. पुढचे हात न पातळ करता द्यावेत. ब्रश एक तृतीयांश बुडवून, कडेपासून थोडे आत टेकवून बाहेरच्या दिशेने न्यावा. कडेवरच टेकवला तर वार्निश खाली ओघळते. एक पट्टा भरला की जवळजवळ कोरडा केलेला ब्रश उभा धरून, केवळ त्याच्या टोकाने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच सलग हलका हात फिरवावा. यानंतर त्या भागाला हात लावू नये. राहिलेला ठिपका दिसतो, परत ब्रश न्यावासा वाटतो आणि तिथेच काम बिघडते, कारण सुकू लागलेल्या वार्निशवर ब्रश ओढला की त्याची खूण कायम राहते. ठिपका पुढच्या हातात भरून निघतो.

तेल-आधारित प्रकारात दोन हातांमध्ये साधारण एक दिवस जाऊ द्यावा. डब्यावर लिहिलेली वेळ अंतिम मानावी. सँडपेपर फिरवल्यावर पांढरी कोरडी पूड निघाली, तर हात वाळला आहे. कागदाला गोळे चिकटू लागले, तर आणखी थांबावे. दोन हातांच्या मध्ये ३२० ने हलके घासून धूळ पूर्ण पुसावी, कारण आधीच्या हाताच्या सुकलेल्या पॉलियुरेथेनमध्ये नवा हात विरघळत नाही, तो ओरखड्यांना धरूनच टिकतो. बारटॉपला किमान चार हात द्यावेत, पाणी-आधारित असल्यास सहा. चारही हात मिळून जाडी जेमतेम एका कागदाएवढी भरते, हे लक्षात घेतले म्हणजे एखादा हात वाचवण्याचा विचार मनात येत नाही. जाड हात देऊन मात्र ही संख्या कमी करू नये. जाड हाताची वरची साय आधी सुकते, खालचा थर ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात.

चमकदार चांगले की मॅट?

चमकदार पृष्ठभागावर ओरखडे आणि बोटांचे ठसे अधिक दिसतात. रोजच्या वापराला सॅटिन सोयीचे. सॅटिन हवे असले तरी खालचे हात चमकदार वार्निशचे देऊन फक्त शेवटचा हात सॅटिनचा द्यावा. सगळेच हात सॅटिनचे दिले, तर थरावर थर साचलेल्या सिलिकामुळे लाकडाच्या रेषा धुरकट दिसतात.

खालची बाजू दिसत नाही. तिलाही फिनिश द्यावे का?

द्यावे. वरची बाजू बंद आणि खालची उघडी असली, तर हवेतील ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर होतो आणि फळी पन्हाळीसारखी वाकते. खाली वरच्याइतके हात देण्याची गरज नाही; दोन पुरेत. टोकांना मात्र वरच्याहून एक-दोन हात जास्त द्यावेत, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि पहिला हात त्या पिऊन टाकतात. सिंक किंवा नळासाठी घेतलेला काप सिंक बसवण्याआधीच आतून पूर्ण बंद करावा, आणि सिंकच्या कडेखाली सिलिकॉन सीलंट भरावे. मी पाहिलेल्या खराब बारटॉपपैकी बहुतेकांची सुरुवात याच कापापासून झालेली होती.

फिनिश दिल्यावर लाकूड हलायचे थांबते ना?

नाही. फिनिशमुळे ओलावा हळू आत-बाहेर होतो, थांबत नाही. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, रुंदीच्या दिशेने हलते. ६०० मिलिमीटर रुंदीची, स्पर्शरेषेत (वाढीच्या वर्तुळांना साधारण समांतर) चिरलेली तांबड्या ओकची फळी घेतली आणि कोरड्या व दमट ऋतूंमध्ये तिच्यातील ओलाव्याचे प्रमाण ४ टक्क्यांनी बदलले, तर तिची रुंदी सुमारे ९ मिलिमीटरने बदलते. साग त्याच्या निम्म्याच्या आसपास हलतो. त्यामुळे फळी खालच्या सांगाड्याला गोंदाने चिकटवू नये. स्क्रूसाठी रुंदीच्या दिशेने लांबट भोके ठेवावीत किंवा सरकणाऱ्या क्लिप वापराव्यात. भिंतीला टेकणाऱ्या बाजूलाही थोडी फट ठेवावी. फळी जखडलेली असेल, तर ती चिरते, आणि चिरीवर कोणतेही फिनिश टिकत नाही. प्लायवूडवर व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेले असेल, तर ही काळजी फारशी करावी लागत नाही. तिथे घासताना व्हिनिअर आरपार जाणार नाही, एवढे पाहावे.

इपॉक्सीचा जाड काचेसारखा थर द्यावा का?

हॉटेलांच्या बारमध्ये दिसणारा तो खोल, ओला वाटणारा थर बहुधा इपॉक्सीचाच असतो आणि पाण्याविरुद्ध तो फार चांगला असतो. परंतु घेण्याआधी त्याच्या तीन मर्यादा नीट समजून घ्याव्यात. घरगुती टेबलटॉप इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, म्हणून गरम कपाचाही ठसा उमटू शकतो. उन्हाने ती पिवळी पडते. आणि तिच्यावर ओरखडे लवकर येतात. पॉलिश करून ते काढता येतात, पण ते काम कष्टाचे आहे. इपॉक्सी केवळ दिसण्यासाठी हवी असेल, तर जरूर घ्यावी. केवळ टिकाऊपणासाठी पॉलियुरेथेन पुरेसे आहे.

एकदा ठरले, की मोजमापात तडजोड नको. काही इपॉक्सींमध्ये रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण १:१ असते, काहींमध्ये २:१, आणि ते घनफळाने आहे की वजनाने, हे लेबलवर पाहावे लागते. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवला, तर उलट परिणाम होतो. जास्तीचा हार्डनर न जोडलेला राहतो आणि थर कायम मऊ किंवा चिकट राहतो. मिश्रण तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे, भांड्याच्या भिंती आणि तळ काठीने खरवडत राहावे, नंतर ते दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळावे. ओतून झाल्यावर भांडे फळीवर पालथे ठेवून निथळू देऊ नये, कारण भिंतीला चिकटलेला न मिसळलेला अंश तिथेच चिकट डाग बनतो. मिसळलेली इपॉक्सी भांड्यात साठवून ठेवू नये. मोठ्या घनफळात तिची उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि भांडे धुरावू शकते.

एक चौरस मीटरवर ३ मिलिमीटर थर देण्यासाठी ३ लिटर मिश्रण लागते. कडेवरून ओघळणारे वेगळे धरावे. त्याआधी सील कोट, म्हणजे रंध्रे बंद करणारा इपॉक्सीचा पातळ हात, देऊन तो चिकट होऊ द्यावा, नाहीतर लाकडाच्या रंध्रांतील हवा मोठ्या ओतीतून वर येत राहते. खोली तापत असताना हे काम करू नये. लाकूड तापले की आतली हवा प्रसरण पावून बाहेर येते, म्हणून दिवसभर उबदार असलेल्या खोलीत तापमान उतरू लागल्यावर ओतणे योग्य. फळी लेव्हल लावून दोन्ही दिशांनी सपाट आहे, याची खात्री आधी करावी.

ओतल्यानंतर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहावा. बुडबुडे खालून संथपणे वर येतात आणि वरच्या सायीखाली अडकून राहतात. गॅस टॉर्चची ज्योत काही सेंटिमीटर उंचीवरून, एका जागी क्षणभरही न थांबता फिरवली की वरचा थर पातळ होतो आणि ते एकापाठोपाठ एक फुटतात. आसपास थिनर किंवा वार्निशचे डबे असतील, तर टॉर्च पेटवूच नये.

इपॉक्सीत नाणी, झाकणे किंवा छायाचित्रे बसवता येतात का?

येतात. हलक्या वस्तू तरंगू नयेत म्हणून त्या आधी चिकटवाव्यात. बाटल्यांची झाकणे पोकळ असल्याने त्यांच्याखाली हवा अडकते. ती आधी इपॉक्सीने भरून मगच बसवावीत. कागद आणि छायाचित्रे दोन्ही बाजूंनी सील केली नाहीत, तर इपॉक्सी त्यांत भिनून गडद ओले डाग पडतात.

फिनिशवर माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे का पडतात?

बहुधा सिलिकॉनमुळे. फर्निचर चमकवण्याच्या अनेक स्प्रेंमध्ये ते असते आणि त्याचा अंश राहिलेल्या जागेवरून फिनिश मागे सरकते. फळी आधी डिटर्जंटच्या पाण्याने व नंतर टर्पेंटाइनने, फडके वारंवार बदलत पुसावी आणि लाखेचा सीलर द्यावा. काम चालू असलेल्या खोलीत तो स्प्रे मारूही नये.

किती दिवसांनी बारटॉप वापरता येईल?

हाताला कोरडा लागणे आणि आतपर्यंत पक्का होणे, यांत बरेच अंतर असते. तेल-आधारित पॉलियुरेथेनवर साधारण तीन दिवसांनी हलका वापर करता येतो, पण ते पूर्ण पक्के व्हायला सुमारे महिना लागतो. इपॉक्सी सामान्य तापमानाला दोन-तीन दिवसांत हलक्या वापराला तयार होते, आणि आठवडाभर तरी तिच्यावर वजन किंवा उष्ण वस्तू नको. पहिल्या महिन्यात रबरी किंवा व्हिनाइलची मॅट पसरून ठेवू नये. नंतरही ती कायम एका जागी ठेवू नये, कारण तिच्यातील मऊपणा आणणारी द्रव्ये फिनिशमध्ये उतरतात आणि मॅट चिकटून बसते. नाक फळीजवळ नेल्यावर वार्निशचा वास येत असेल, तर ते अजून पक्के झालेले नाही.

ग्लासचे पांढरे वर्तुळ आणि काळा डाग, दोन्हींवर उपाय एकच का?

नाही, कारण दोन्हींची जागा वेगळी आहे. पांढरे वर्तुळ फिनिशच्या आत अडकलेल्या ओलाव्याचे असते आणि लाकूड सुरक्षित असते. बरेचदा ते एक-दोन दिवसांत आपोआप जाते. न गेल्यास हेअर ड्रायरची सौम्य ऊब थोड्या अंतरावरून द्यावी. इपॉक्सीवर मात्र ही ऊब देऊ नये. काळा डाग लाकडातच असतो. पाण्याबरोबर आलेले लोह आणि लाकडातील टॅनिन नावाचे नैसर्गिक द्रव्य यांच्या संयोगातून तो तयार होतो, आणि ओकवर तो फार लवकर पडतो. तिथले फिनिश पूर्ण काढून ऑक्झॅलिक ॲसिडचे द्रावण लावावे लागते, आणि डाग गेल्यावर ते भरपूर पाण्याने धुऊन काढावे लागते. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे आणि चश्मा घालूनच ते हाताळावे आणि वाळलेले स्फटिक उडवत घासू नये. याच लोहामुळे ओकवर काम करताना स्टील वूल वापरू नये.

जुन्या बारटॉपवर कोणते फिनिश आहे, हे कसे ओळखावे?

न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकावा. जागा चिकट झाली, तर ते लाखेचे पॉलिश आहे. काही न झाल्यास लॅकर थिनरचा थेंब टाकावा. त्याने विरघळले, तर लॅकर. नुसत्या सुरकुत्या पडल्या किंवा काहीच झाले नाही, तर ते वार्निश, पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी आहे. पापुद्रा शाबूत असेल आणि केवळ चमक गेली असेल, तर तो काढण्याची गरज नाही. धुऊन, ३२० ने एकसारखा मंद होईपर्यंत घासून एक-दोन नवे हात द्यावेत. पापुद्रा सोलवटत असेल किंवा लाकूड करडे पडले असेल, तर मात्र सगळे खरवडून पुन्हा सुरुवात करावी.

रोजची निगा कशी राखावी?

ओलसर फडके, गरज पडल्यास सौम्य साबण, आणि लगेच कोरडे पुसणे, एवढे पुरेसे आहे. अमोनिया किंवा ब्लीच असलेली द्रावणे आणि खरखरीत घासण्या टाळाव्यात. ग्लासखाली कोस्टर ठेवावेत. ते ओल शोषणारे असावेत आणि स्वतः ओले झाल्यावर बदलावेत. दर काही महिन्यांनी पुढच्या कडेवर, जिथे कोपरे टेकतात, आणि सिंकच्या भोवती पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. थेंब गोल राहिले, तर फिनिश ठीक आहे; थेंबाखालचे लाकूड गडद होऊ लागले, तर पाणी आत जाते आहे, आणि तो भाग वाळवून लगेच नवा हात द्यावा.

पक्क्या झालेल्या फिनिशवर खाद्यपदार्थ ठेवणे सुरक्षित आहे का?

पूर्ण पक्के झालेले पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी यांवर खाद्यपदार्थ टेकल्याने सहसा अडचण येत नाही. अन्नसंपर्काचा उल्लेख लेबलवर असल्यास उत्तमच. मात्र लिंबू किंवा फळे थेट बारटॉपवर कापू नयेत. सुरीने पापुद्रा तुटतो आणि त्याचे कण अन्नात जातात. त्यासाठी वेगळा पाट ठेवावा.

घरात हे काम करताना कोणती काळजी अत्यावश्यक आहे?

सर्वांत आधी फडक्यांची. जवसाचे तेल, टंग तेल किंवा तेल-आधारित वार्निश लागलेली फडकी सुकताना ऑक्सिजनशी संयोग पावून तापतात; चोळामोळा करून ढिगात टाकली, तर ती उष्णता साठून कोणी काडी न लावताही पेट घेतात. काम संपताच प्रत्येक फडके बाहेर मोकळ्या हवेत पसरून कडक होईपर्यंत वाळवावे, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावे. हे काम उद्यावर टाकू नये.

लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे, म्हणून घासताना एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क आणि सँडरला व्हॅक्यूम असावा. तो मास्क थिनरच्या वाफा अडवत नाही. वाफांसाठी कार्बनचे कार्ट्रिज असलेला मुखवटा लागतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि शेगडी किंवा दिव्याची ज्योत विझवावी. इपॉक्सी त्वचेला लागली, तर ती थिनरने पुसू नये, साबण-पाण्याने धुवावी. वारंवार संपर्काने ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की सहसा जात नाही.

उरलेले वार्निश आणि इपॉक्सी पुढच्या दुरुस्तीला वापरता येतील का?

तेल-आधारित वार्निश डब्यातील हवेमुळे साय धरते, म्हणून ते काठोकाठ भरेल अशा लहान बाटलीत काढून ठेवावे. साय धरलीच, तर ती अलगद कापून काढावी आणि खालचे वार्निश गाळून घ्यावे. ते गोळ्यागोळ्यांचे किंवा जेलीसारखे झाले असेल, तर थिनर घालून वाचवण्याचा प्रयत्न करू नये. इपॉक्सीच्या रेझिनमध्ये थंडीने दाणे धरतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात आणि रेझिन पुन्हा वापरता येते. बाटलीवर उघडल्याची तारीख आणि कोणत्या हातासाठी वापरले होते, ते लिहून चिकटवावे, कारण वर्षभराने कडेचा एखादा भाग दुरुस्त करताना त्याच फिनिशचा हात द्यावा लागतो.